सेत्सुको हारा बघायचीय? मग अशी बघा

दर दोनतीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, अरे ती जपानी नटी, जी बेचाळिशीत सगळं सोडून घरात जाऊन बसली, तिचं काय बघू, कुठून सुरू करू. मग मी फोनवर अर्धा तास बडबडतो आणि समोरचा शेवटी तिच्या 'रहस्यमय आयुष्या'वरचा दहा मिनिटांचा व्हिडिओ बघून झोपतो. म्हणून एकदाच लिहून टाकतोय. आता कोणी विचारलं की हेच पाठवणार.

पहिली सूचना, गायब होण्यापासून सुरू करू नका. सगळे तिथूनच सुरू करतात आणि मग पिक्चर बघताना सारखं वाटत राहतं की आता हिच्या डोळ्यात काहीतरी गूढ दिसणार. गूढबिढ काही नाही हो. जे आहे ते सगळं तिच्या हसण्यात आहे. ती खूप हसते, सुरुवातीला तर जरा जास्तच हसते असं वाटेल, आणि ते हसू कधी खरं असतं, कधी समोरच्याला बरं वाटावं म्हणून असतं आणि कधी रडू आवरायला असतं हे ओळखता यायला लागलं की सेत्सुको हारा बघता यायला लागली असं समजा. ते एका पिक्चरमध्ये जमत नाही, चारपाच लागतात, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

आधी जुजबी माहिती घ्या, म्हणजे मधेमधे थांबून गुगल करावं लागणार नाही. जन्म १७ जून १९२०, योकोहामा. खरं नाव मासाए आइदा. मोठ्या बहिणीचा नवरा हिसातोरा कुमागाई हा डायरेक्टर, त्याच्यामुळं शाळा सोडून १९३५ मध्ये, वय वर्षं पंधरा, निक्कात्सु स्टुडिओत आली. पहिल्या पिक्चरमधल्या पात्राचं नाव सेत्सुको होतं, तेच पुढं हिला चिकटलं. मग शंभरेक पिक्चर केले. शेवटचा १९६२ मध्ये. त्यानंतर जवळपास पन्नास वर्षं टोकियोजवळच्या कामाकुरात राहिली, मुलाखत नाही, फोटो नाही, समारंभ नाही. ५ सप्टेंबर २०१५ ला न्यूमोनियानं गेली, वय ९५, आणि बातमी बाहेर आली नोव्हेंबरच्या शेवटी. म्हणजे अडीच महिने घरच्यांनी कोणाला कळूच दिलं नाही. एवढं पुरे.

आता बसायच्या आधीची तयारी.

जपानीत आडनाव आधी येतं, म्हणजे तिकडं ती हारा सेत्सुको. सर्च करताना दोन्ही प्रकारे करून बघा. पिक्चरच्या इंग्रजी नावांचा घोळ मात्र खरा आहे. तिचे गाजलेले पिक्चर काढणारा डायरेक्टर यासुजिरो ओझू, त्याच्या पिक्चरची नावं म्हणजे लेट स्प्रिंग, अर्ली समर, लेट ऑटम, एंड ऑफ समर, सगळे ऋतू. मी एकदा एका मित्राला 'लेट स्प्रिंग' बघ म्हणून सांगितलं, त्यानं 'लेट ऑटम' बघितला आणि आठवडाभर आम्ही दोघं दोन वेगळ्या पिक्चरबद्दल भांडत होतो, तो म्हणे ती आई आहे, मी म्हणे ती मुलगी आहे. दोघंही बरोबर होतो, ते पुढं येईलच. तर नावाबरोबर साल लक्षात ठेवा. लेट स्प्रिंग १९४९, अर्ली समर १९५१, टोकियो स्टोरी १९५३, लेट ऑटम १९६०.

दुसरा घोळ चेहऱ्यांचा. ओझू तीच ती माणसं परत परत घ्यायचा, आपल्याकडच्या नाटक मंडळीसारखं. या १९४९, ५१ आणि ५३ च्या तिन्ही पिक्चरमध्ये हाराच्या पात्राचं नाव नोरिको आहे, पण त्या तीन वेगळ्या बायका आहेत, एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. चिशू र्‍यू नावाचा नट पहिल्यात तिचा बाप आहे, दुसऱ्यात थोरला भाऊ आणि तिसऱ्यात सासरा. तो तिच्यापेक्षा सोळा वर्षांनीच मोठा, पण पांढरे केस लावून कंबर जरा वाकवली की सत्तरीचा वाटतो. आणि हारुको सुगिमुरा म्हणून एक जबरदस्त बाई आहे, ती पहिल्यात आत्या, दुसऱ्यात शेजारीण, तिसऱ्यात कजाग नणंद. पहिल्यांदा बघताना डोकं गरगरतं, मग त्याचीच मजा यायला लागते, घरच्या लग्नात तेच ते नातेवाईक वेगवेगळ्या साड्यांत दिसावेत तसं.

तिसरं, कॅमेरा. ओझूचा कॅमेरा जमिनीच्या जवळ ठेवलेला असतो, बहुतेक वेळा हलत नाही, आणि माणसं बोलताना जवळजवळ तुमच्याकडंच बघतात. हे लॅपटॉप मांडीवर घेऊन, बाजूला मोबाईल ठेवून बघितलं तर वीस मिनिटांत झोप लागते, लिहून देतो. मला स्वतःला लागली होती. पहिल्यांदा टोकियो स्टोरी बघितला तो पुण्यातल्या एका फिल्म क्लबच्या शोला, बाहेर धो धो पाऊस, आत पंखा, आणि मी थेट म्हातारा म्हातारी आतामीला पोचल्यावर जागा झालो. नंतर घरी चटईवर बसून बघितला. खरंच खाली बसा. पाटावर, चटईवर, कसंही. स्क्रीन समोर सरळ डोळ्याच्या रेषेत ठेवा. पिक्चरमधली माणसंही तशीच खाली बसलेली असतात, जेवतात, चहा पितात, आणि आपणही तिथंच पंगतीत बसलोय असं वाटायला लागतं. आपल्याला हे जमतं, सोफ्यावर जन्मलेल्यांना नाही.

आता क्रम. सगळे टोकियो स्टोरीनं सुरू करा म्हणतात, कारण यादीत तो वर असतो, २०१२ च्या साइट अँड साउंड या ब्रिटिश सिनेमासिकाच्या डायरेक्टर लोकांच्या मतदानात तर पहिलाच होता. माझं ऐका, तो चौथा बघा. का ते सांगतो.

पहिला बघा अर्ली समर. यात हारा सगळ्यात मोकळी आहे. अठ्ठावीस वर्षांची नोरिको, टोकियोत ऑफिसात सेक्रेटरी, कामाकुराच्या घरात आईबाप, भाऊ, वहिनी आणि दोन महा आगाऊ भाचे. सगळ्यांच्या डोक्याला एकच किडा, हिचं लग्न. साहेबानं स्थळ आणलंय, चाळिशीचा श्रीमंत गृहस्थ, घरात चर्चा चालू. हे सगळं आपल्याला इतकं ओळखीचं आहे की सबटायटल नसते तरी चाललं असतं. ती मैत्रिणीबरोबर लग्न झालेल्यांची टर उडवते, नऊशे येनचा केक घेऊन येते आणि रात्री वहिनीबरोबर चोरून खात बसते. भाचा झोपेतून उठून डोळे चोळत येतो आणि ही मोठी माणसं पटकन केक टेबलाखाली सारतात, तो सीन दोनदा बघा.

मग येतो तो शेजारणीच्या घरातला सीन. तिचा मुलगा विधुर, पदरात एक छोटी मुलगी, आणि त्याची बदली झालीय लांब अकिताला. नोरिको निरोप द्यायला आलीय. म्हातारी बोलता बोलता म्हणते, रागावू नकोस हं, पण मला आपलं मनात वाटायचं की तुझ्यासारखी सून मिळाली असती तर. आणि नोरिको विचारते, खरंच? माझ्यासारखी लग्नाची राहिलेली चालेल तुम्हाला? झालं! सहज, भाजी घेताना ठरवावं तसं. म्हातारी रडायला लागते, काय बोलावं सुचत नाही, आणि म्हणते काय तर, अनपान खाशील का. अनपान म्हणजे आत गोड लाल चवळीसारख्या डाळीचं सारण भरलेला पाव. आपल्याकडं म्हातारीनं डोळे पुसत 'थांब, लाडू देते' म्हटलं असतं, अगदी तेच. या सीनमध्ये हाराच्या चेहऱ्याकडं बघा. ती हसतेय, पण ते नेहमीचं दिलखुलास हसू नाही, शांत आहे, आतून निर्णय झाल्यावर माणूस हसतो तसं. हे हसू नंबर एक. डोक्यात ठेवा, पुढं तुलना करायला लागणार आहे.

दुसरा, लेट स्प्रिंग. ओझूबरोबरचा तिचा पहिला. प्रोफेसर बाप आणि मुलगी, आई नाही, मुलगी बापाचं सगळं करते आणि तिला हेच आयुष्य हवंय. लोक म्हणतात लग्न कर. बाप शेवटी खोटं सांगतो की मीच दुसरं लग्न करतोय, म्हणजे ही तरी जाईल. पहिल्या अर्ध्या तासात ती एवढी हसते की चिडचिड होईल. बापाच्या एका विधुर मित्रानं दुसरं लग्न केलेलं असतं, त्याला ती तोंडावर, हसत हसत म्हणते की मला ते घाणेरडं वाटतं. हसत हसत! हे विसरू नका, कारण मग बापलेक 'नो' या जुन्या जपानी नाटकाच्या थिएटरमध्ये बसलेले असतात, बाप समोरच्या रांगेतल्या एका बाईला मान हलवून नमस्कार करतो, ती बाई उलट हसते, आणि नोरिकोला कळतं. एक शब्द नाही. स्टेजवर संथ गाणं चालू आहे, आणि हिच्या चेहऱ्यावरनं हसू उतरत जातं, बादलीला भोक पडल्यावर पाणी जातं तसं, हळूहळू आणि पूर्ण. ती मान खाली घालते. मी हा सीन कितीतरी वेळा बघितलाय आणि नेमका कुठल्या क्षणाला चेहरा बदलतो ते मला अजून पकडता आलेलं नाही.

यातच क्योतोच्या लॉजमधला तो प्रसिद्ध फुलदाणीचा सीन आहे. रात्र, बापलेक शेजारी शेजारी झोपलेत, ती काहीतरी बोलते, बाप घोरायला लागतो. ती अंधारात वर बघून हसते, मग फुलदाणी दिसते, मग परत ती, आता डोळे भरून यायला आलेले, मग परत फुलदाणी. यावर अभ्यासकांनी पानंच्या पानं लिहिलीत, फुलदाणीचा अर्थ काय म्हणून. वाचू नका. निदान पहिल्यांदा तरी नको. फुलदाणी दिसत असतानाच्या त्या काही सेकंदांत तिच्या मनात काय झालं असेल ते तुम्हीच भरायचं असतं, कुणी सांगितलं की संपलं.

आता इथं ओझू थांबवा, नाहीतर ती तुम्हाला देवघरातली मूर्ती वाटायला लागेल. जपानी पब्लिकचं तेच झालं होतं, पोस्टरवाल्यांनी 'चिरकुमारिका' असलं लेबल लावलं आणि ते आयुष्यभर तिच्या मागं लागलं. त्यावर उतारा म्हणजे दुसरा डायरेक्टर, मिकिओ नारुसे. तिसरा पिक्चर म्हणून त्याचा १९५१ चा 'मेशी' बघा, इंग्रजीत 'रिपास्ट' नावानं मिळेल. मेशी म्हणजे भात, आणि जेवणही, आपण 'भात खाल्ला का' म्हणतो तसंच. फुमिको हायाशी या लेखिकेची कादंबरी, ती अर्धवट सोडून त्याच वर्षी वारली, शेवट पिक्चरवाल्यांनी केला. ओसाकातलं मध्यमवर्गीय घर, नवरा वाईट नाही, दारुडा नाही, मारत नाही, फक्त भूक लागली की तेवढं बोलतो. लग्नाला पाच वर्षं. त्यात नवऱ्याची पुतणी पळून येऊन घरात तळ ठोकते, तरुण, बिनधास्त, काकाशी लाडीगोडी. हारा इथं केस विस्कटलेली, थकलेली, तांदूळ किती उरलेत त्याचा हिशेब करणारी बाई आहे. एक दिवस उठून टोकियोला आईकडं निघून जाते.

'मेशी'त काय बघायचं? तर हसू नसलेली हारा. दोन पिक्चर हसताना बघून तुम्हाला वाटत असतं हिचा चेहराच तसा आहे, आणि इथं कळतं की नाही, ते सगळं काम होतं, मेहनत होती. शेवटी ट्रेनमध्ये ती नवऱ्याला लिहिलेलं पत्र फाडून खिडकीतून उडवून देते आणि मग जे बोलते ते मनातल्या मनात बोलते. तो शेवट आपल्या आजच्या मुलींना पटत नाही, माझ्या बहिणीला तर भयंकर राग आला होता. येऊ दे. मला वाटतं नारुसेलाही तो पूर्ण पटला नसावा, पण ते माझं मत. आवडला तर त्याचाच १९५४ चा 'साउंड ऑफ द माउंटन' पण घ्या, कावाबाताच्या कादंबरीवरचा, तोही कामाकुरातला, आणि त्यातलं सासरा सुनेचं नातं टोकियो स्टोरीच्या शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे. गंमत म्हणजे त्यातला सासरा सो यामामुरा हा टोकियो स्टोरीमध्ये तिचा डॉक्टर दीर आहे. सांगितलं ना, नाटक मंडळी.

आता टोकियो स्टोरी. १३६ मिनिटं आहे, रविवार दुपार ठेवा, जेवून लगेच बसू नका.

गोष्ट सगळ्यांना माहितीय, ओनोमिचीहून म्हातारा म्हातारी टोकियोला मुलांकडं येतात, मुलांना वेळ नाही, पार्लर चालवणारी मुलगी तर त्यांना आतामीच्या स्वस्तातल्या हॉटेलात पाठवून मोकळी होते. त्यांचं करते कोण, तर युद्धात गेलेल्या मुलाची बायको नोरिको, आठ वर्षांची विधवा, ऑफिसात नोकरी, एका खोलीत राहते. सासूसासरे घरी आले तर साके पण शेजारणीकडून उसनी आणते. मी हा आईबरोबर बघितला. आई सुरुवातीला भाजी निवडत होती, अर्ध्यात विचारलं, "ही त्यांची मुलगी का रे?" म्हटलं, सून, तीपण विधवा. आईनं मेथी खाली ठेवली. मग रात्री नोरिको सासूचे खांदे दाबून देते तो सीन आला, आणि सकाळी निघताना तिच्या हातात खर्चाला पैसे कोंबते, नको नको म्हणत असताना, दोघी एकमेकींकडं लोटतायत. आई म्हणाली, "अगदी आपल्यातल्यासारखंच आहे की रे हे." त्यानंतर मेथीला हात नाही लागला.

सबटायटलबद्दल इथं एक सूचना. शेवटी दोन संवाद आहेत ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे, आणि दोन्हींचं इंग्रजी जरा सपक आहे. पहिला, धाकटी नणंद क्योको, नुकती मास्तरीण झालेली, भावाबहिणींच्या वागण्यानं चिडलेली. ती म्हणते, "इया ने, योनोनाका त्ते." इंग्रजीत येतं की आयुष्य निराशाजनक आहे ना, असं काहीतरी. पण 'इया' म्हणजे नकोसं, किळस येईल असं. मराठीत ती म्हणाली असती, "शी, जग असलंच असतं का गं?" आणि हारा म्हणते, हो, सगळ्या नकोशाच गोष्टी. आणि हसते. हसत म्हणते! आता तुम्ही तीन पिक्चर बघून आलेले असता, अनपानचं हसू बघितलंय, नो थिएटरमधलं उतरलेलं हसू बघितलंय, मेशीतला रिकामा चेहरा बघितलाय, त्यामुळं हे कुठलं हसू आहे ते कळतं. पहिलाच पिक्चर म्हणून बघितला असता तर वाटलं असतं, किती गोड बाई. म्हणून चौथा बघा म्हटलं.

दुसरा, लगेच पुढचा. सासरा तिला म्हणतो, तू आमच्या पोटच्या पोरांपेक्षा जास्त केलंस, आता माझ्या मुलाला विसर, दुसरं लग्न कर. आणि ती म्हणते, मी तुम्हाला वाटते तेवढी चांगली नाही, मी 'झुरुई' आहे. सबटायटलमध्ये सेल्फिश असं येतं. स्वार्थी नाही हो, झुरुई म्हणजे लबाड. आत एक, बाहेर एक ठेवणारी. ती सांगते की त्याची आठवणसुद्धा येत नाही असे दिवस आता जायला लागलेत, रात्री वाटतं असंच राहिले तर माझं काय होणार, मनात कुठंतरी कशाची तरी वाट बघतेय. मी लबाड आहे. म्हातारा म्हणतो, नाहीस. ती म्हणते, आहे. म्हणजे आठ वर्षं ज्या हसण्यावर सगळं घर विसंबून होतं ते हसू पूर्ण खरं नव्हतं हे ती स्वतःच्या तोंडानं सांगते, आणि मग चेहरा झाकून रडते. म्हातारा तिला सासूचं घड्याळ देतो, छोटं, कमरेला लावायचं. परतीच्या ट्रेनमध्ये ती ते उघडून हातात धरून बसते. इथं हसू नाही, रडू नाही, काहीच नाही, नुसती बसलीय.

इथं दोन दिवस गॅप घ्या, पाठोपाठ बघू नका.

मग मागं जा, कारण आत्तापर्यंत आपण फक्त १९४९ नंतरची हारा बघितली, आणि तेव्हा तिची चौदा वर्षं करिअर होऊन गेली होती. हा भाग लोक गाळतात. १९३६ चा सादाओ यामानाकाचा 'कोचियामा सोशुन' मिळाला तर बघा, या डायरेक्टरचे तीनच पिक्चर शिल्लक आहेत आणि तो अठ्ठाविसाव्या वर्षी चीनमध्ये सैनिक म्हणून मेला. हारा त्यात सोळा वर्षांची पण नाही. मग १९३७ ला जर्मन डायरेक्टर आर्नोल्ड फांक यानं जपानमध्ये येऊन जपानी जर्मन भागीदारीत काढलेला 'न्यू अर्थ', ज्यात ती लग्नाचा किमोनो घालून ज्वालामुखीवर जीव द्यायला चढते. सतरा वर्षांची पोर त्या पिक्चरच्या प्रचाराला नाझी जर्मनीत फिरून आली. पुढं युद्धात हवाई आणि मलायाच्या लढाईवरचा सरकारी थाटाचा पिक्चर १९४२ चा, आणि असे अजून बरेच, ज्यात ती शूर पोरांची बहीण किंवा सून. हे सगळे पूर्ण बघायची गरज नाही, मी पण पळवत पळवत बघितलेत. पण बघाच जरा, कारण त्यानंतर लगेच १९४६ ला कुरोसावाचा 'नो रिग्रेट्स फॉर अवर यूथ' बघायचाय आणि तो धक्का लागला पाहिजे.

कारण त्यात तीच हारा युद्धाच्या विरोधात गेलेल्या माणसाची बायको आहे. क्योतोच्या विद्यापीठातून सरकारनं काढलेल्या प्रोफेसरची लाडावलेली, पियानो वाजवणारी मुलगी. नवरा हेर म्हणून पकडला जातो, तुरुंगात मरतो, आणि ही त्याच्या खेड्यातल्या आईबापांकडं जाते, जिथं गावानं त्यांना वाळीत टाकलंय. सासू तीच आपली सुगिमुरा. दोघी रात्रंदिवस चिखलात भात लावतात, गाववाले येऊन सगळी रोपं तुडवून टाकतात, आणि ही परत वाकते, परत लावते. ओझूच्या हळुवार हाराची सवय झालेल्याला हे बघून हबकायला होतं, घामानं थबथबलेला चेहरा, डोळे तारवटलेले, जरा अतीच वाटेल. कुरोसावाला थोडं अती चालायचं. पण पहिल्या भागातली पियानोवरची बोटं आणि नंतरची चिखलातली बोटं, एवढं एक बघा. आणि मनात हेही असू द्या की चार वर्षांपूर्वी हाच चेहरा युद्धाच्या बाजूनं वापरला जात होता. पडद्यावर सरकार बदललं, चेहरा तोच राहिला. तिला त्याबद्दल काय वाटलं असेल?

कुरोसावाचाच १९५१ चा 'इडियट' पण आहे, दोस्तोएव्हस्कीचा, बर्फातल्या होक्काइदोत. स्टुडिओनं कापून १६६ मिनिटांचा केला, आणि तुकडे जुळत नाहीत ते दिसतं. हारा काळा झगा घालून राणीसारखी वावरते. तो या यादीच्या बाहेर ठेवा, फॅन झाल्यावर बघा.

यादीतला शेवटचा बघायचा तो १९६० चा लेट ऑटम. माझ्या त्या भांडणाचा उलगडा इथं. ही लेट स्प्रिंगचीच गोष्ट उलटी केलेली आहे, आता हारा विधवा आई आहे आणि मुलगी लग्नाला तयार नाही. अकरा वर्षांपूर्वी जी लॉजमध्ये अंधारात वर बघत पडली होती, तीच आता दुसऱ्या बाजूला. मुलगी गेल्यावर ती खोलीत एकटी बसते. लेट स्प्रिंगमध्ये बाप सफरचंद सोलत होता, साल तुटून पडली आणि त्याची मान खाली गेली. हारा काय करते ते सांगत नाही, आतापर्यंत तुम्हाला तिचं हसू वाचता यायला हवं.

एवढं झालं की मग खुशाल रिटायरमेंटबद्दल वाचा, आता हरकत नाही. पण दोन गोष्टी तपासून घ्या. 'ओझू गेला म्हणून तिनं पिक्चर सोडले' हे जिथं तिथं वाचाल. तारखा बघा. तिचा शेवटचा पिक्चर, इनागाकीचा 'चुशिंगुरा', त्यात ती नायक ओइशीची बायको आहे, तो १९६२ चा. ओझू गेला १२ डिसेंबर १९६३ ला, बरोबर साठाव्या वाढदिवशी. म्हणजे तो गेला तेव्हा तिच्या शेवटच्या पिक्चरला वर्ष होऊन गेलं होतं. तो गेल्यावर त्याच्या घरी ती शेवटचं दर्शन घ्यायला गेली आणि त्यानंतर लोकांना दिसली नाही, म्हणून ती जोड लोकांनी लावली. प्रेमकहाणी जोडायला सोपी जाते.

दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. १९५३ मध्ये, टोकियो स्टोरीच्याच वर्षी, मेव्हण्याच्या पिक्चरचं शूटिंग गोतेम्बा स्टेशनवर चालू असताना तिचा सख्खा भाऊ, कॅमेरामन, ट्रेनखाली आला. तिच्या समोर. पुढं डोळ्यांचं दुखणं होतंच, इतकी वर्षं त्या प्रखर लाइटसमोर उभं राहून. आणि सोडताना तिनं म्हटल्याचं छापून आलं की हे काम मला कधी आवडलंच नाही, घरच्यांना पोसायचं होतं म्हणून केलं. लोक भडकले म्हणे, एवढं प्रेम दिलं आणि ही असं बोलते. मला तरी यात भडकण्यासारखं काही दिसत नाही. पंधराव्या वर्षी घरासाठी कामाला लागलेली पोर, सत्तावीस वर्षं नोकरी केली, मग सोडली. आपल्याकडं बंगालीतल्या सुचित्रा सेनचं असंच झालं, १९७८ नंतर जी दार लावून बसली ती २०१४ ला जाईपर्यंत, आणि तिच्याही दाराबाहेर फोटोग्राफर असायचेच. फरक एवढाच की हारानं जाताना कारण सांगितलं होतं, आणि ते कोणाला ऐकायचं नव्हतं. ती म्हणाली मी लबाड आहे, सगळे म्हणाले नाहीस.

राहिलं कामाकुरा. कामानिमित्त टोकियोत असणारी आपली बरीच मंडळी आहेत, त्यांच्यासाठी. योकोसुका लाइन पकडा, साधारण तासाभरात किता कामाकुरा स्टेशन येतं, छोटंसं, झाडीतलं. लेट स्प्रिंग याच स्टेशनवर सुरू होतो. उतरल्यावर लगेच एंगाकुजी देऊळ, त्या पिक्चरच्या सुरुवातीचा चहाचा समारंभ तिथलाच, आणि मागच्या स्मशानात ओझूची समाधी. दगडावर नाव नाही, एकच अक्षर आहे, 'मु', म्हणजे काही नाही, शून्य. लोक साकेच्या बाटल्या ठेवून जातात. तिचं घर शोधत फिरू नका, पन्नास वर्षं लोकांनी तेच केलं. त्यापेक्षा सकाळची वेळ धरून परत स्टेशनवर या आणि टोकियोला जाणाऱ्या गाडीची वाट बघत उभे राहा, ऑफिसची गर्दी असते, नोरिको पण याच प्लॅटफॉर्मवर उभी राहायची, आणि गाडीत बसायला जागा मिळाली तर उजवीकडची खिडकी धरा की डावीकडची यावर माझं आणि त्या मित्राचं अजून भांडण चालू आहे.